न कुजणारा कोहळा

खोक्यातून भोपळा निघाला तेव्हा द्रौपदाला आधी वाटलं, पोरीनं अमेरिकेतून भाजी पाठवली.

"एवढ्या लांबून डांगर?" ती म्हणाली. "आपल्या बांधावर बारा पडल्यात की!"

"हात लावू नको. काच हाये," भागुजी म्हणाला, आणि एस.टी.च्या टपावरून एखाद्या म्हातारीची अंड्यांची पाटी उतरवावी अशा बेतानं त्यानं तो भोपळा बाहेर काढला. माणसाच्या डोक्याएवढा, नारिंगी, अंगावर खऱ्यासारख्या फुगीर फाकी, वर हिरवा देठ. त्याच्यामागून आणखी दोन निघाले. मुठीत मावतील एवढे, पिवळे, आणि त्यांचे देठ मात्र लांबलचक, हिरवे, टोकाशी वळलेले.

तेवढ्यात फोन वाजला. प्रज्ञाच होती. ती तिकडं दवाखान्यात नर्स आहे. मंचरचा एक पाहुणा सुट्टीवर आला होता, त्याच्याबरोबर तिनं खोकं धाडलं होतं.

"पप्पा, मिळालं का? मोठा मी केलाय, मी स्वतः! इथं आता पानगळ सुरू झाली ना, की सगळे घरात-दारात भोपळे मांडतात. आमच्या गावात काचेची भट्टी आहे, तिथं शिकवतात. लोखंडी नळीच्या एका टोकाला वितळलेली काच घ्यायची आणि दुसऱ्या टोकानं फुंकायचं. लहान दोन विकतचे आहेत, पण मोठ्यात माझा श्वास आहे, पप्पा!"

"फुंकताना दम न्हाई ना लागला?" द्रौपदानं मधेच तोंड घातलं.

"नाही गं आई."

"बरं, ह्यो ठिवायचा कुठं?" भागुजीनं मुद्द्याचं विचारलं.

"दाराशी. सकाळचं ऊन लागेल असा. भिंतीवर काय रंग पडतात, बघाच. दसऱ्याला संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल करणार, तेव्हा मला दाखवा."

फोन ठेवून भागुजीनं भोपळा पुसायला घेतला, तर बुडाला एक काळा ठिपका. त्यानं साबणानं घासला, राखेनं घासला, लिंबू चोळलं. ठिपका जागचा हलेना.

"कार्बन," त्यानं निकाल दिला. "भट्टीचा कार्बन. शास्त्रीय बाब हाये."

द्रौपदानं ठिपक्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

भागुजीला प्रत्येक गोष्टीचं शास्त्रीय कारण लागे. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. त्यातली बावीस वर्षं मंचर ते आहुपे मुक्कामी गाडीवर गेली, आणि त्या गाडीचा ड्रायव्हर होता हौशीराम, मूळचा आहुप्याचाच. आता दोघंही रिटायर होऊन पारगावच्या कारखान्याच्या रस्त्याला शेजारी शेजारी घरं बांधून राहत होते. मध्ये मेंदीचं कुंपण. बावीस वर्षांत ह्या दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजलं. हौशीराम दर शनिवारी गाडीच्या पुढे लिंबू-मिरची बांधायचा आणि भागुजी ती दुपारी सोडून भाकरीबरोबर खायचा.

खरंच खायचा. घोडेगावच्या थांब्यावर डबा उघडायचा, लिंबू पिळायचा, मिरची चावायचा आणि म्हणायचा, "हौशा, पुढच्या टायमाला जरा तिखट आन. ही भोपळी निघाली." भागुजीनं नोकरीत खाल्लेली लिंबं एका ओळीत मांडली तर मंचरपासून डिंभ्यापर्यंत जातील, असं हौशीराम सांगतो. भागुजीच्या मते फार तर घोडेगावपर्यंत.

हौशीराम चिडून हुज्जत घालू लागला, की भागुजी वर हात करून बेलची दोरी दोनदा ओढायचा. टण टण. डबल बेल म्हणजे गाडी हलवायची, बोलणं संपलं.

एकदा मात्र मंचर स्टँडवर भरल्या गाडीसमोर वाद पेटला. हौशीराम म्हणाला, "आज बोलतोस. उद्या घर बांधशील, तवा तुज्या दारालाबी कोहळा टांगल्याला मला दिसंल." त्यावर भागुजीनं साठ उतारूंना साक्षी ठेवून सांगितलं, "माज्या दाराला दृष्टीचं काही टांगल्यालं दिसलं, तर लिंबू-मिरचीची माळ गळ्यात घालून आख्ख्या गावातनं थांब्यापर्यंत चालंन!" त्या साठातले निदान चाळीस तरी आजूबाजूच्या गावात अजून धडधाकट आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे.

तर असा हा भागुजी भोपळा कुठं ठेवावा ह्या विचारात पडला.

आधी त्यानं तो ओट्यावर ठेवला. तासाभरात हौशीरामची बायको इंद्रायणी हिची शेळी कुंपणातून आली आणि भोपळ्यातलं स्वतःचं तोंड बघून तिनं शिंगं खाली केली. द्रौपदानं झडप घातली म्हणून वाचला. मग टीव्हीवर ठेवला, तर तिथं ऊन येईना. खिडकीत ठेवला तर बूड गोल, म्हणून भोपळा डुलायला लागला.

"टांगला पायजे," भागुजी म्हणाला. "दाराच्या चौकटीला कडी हाये. तिथं पूर्वेचं ऊन थेट येतं."

"टांगणार कशात?"

"तुज्या दुधाच्या शिंक्यात."

शिंक्यात भोपळा चपखल बसला. आता दोरी. सुतळीवर भागुजीचा विश्वास नव्हता, नायलॉन उन्हानं कुजतं हे त्याला ठाऊक होतं. मग त्याला आठवलं, रिटायर झाला त्या दिवशी आपल्या जुन्या गाडीची बेलची दोरी त्यानं आठवण म्हणून मागून घेतली होती. बावीस वर्षं ओढून तुटली नाही ती ह्या भोपळ्याला काय दाद देणार? फक्त बावीस वर्षांच्या हातांच्या मळानं आणि ग्रीसनं ती काळीकुळकुळीत झाली होती. पण मजबुतीला रंगाशी काय करायचं?

टांगल्यावर भोपळा वाऱ्यानं गरगर फिरू लागला. "गुरुत्वमध्य," भागुजी म्हणाला. "खाली वजन पायजे." म्हणून त्यानं पिवळे दोन भोपळे त्याच दोरीच्या लोंबत्या टोकाला खाली बांधले. त्यांचे हिरवे वळलेले देठ दोन बाजूंना सुटले. भोपळा गपगार उभा राहिला. सकाळी ऊन आलं तसा भिंतीवर असा नारिंगी उजेड पसरला, की द्रौपदा चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिली.

प्रत्येक पायरीला शास्त्रीय कारण होतं. एकदा रस्त्यावर जाऊन आपल्या दाराकडे पाहायचं तेवढं भागुजीचं राहून गेलं.

हौशीराम रस्त्यावरच होता. दुधाची किटली घेऊन डेअरीवरून येत होता. तो थांबला. किटली खाली ठेवली. चष्मा पुसला. मग हळूच फाटकाशी आला.

"जय भीम, भागुजी."

"राम राम, हौशा. ये, चहा घे."

"चहा घेतो. पर मला एक सांग, नजर कधी लागली?"

"कुणाला?"

"घराला. दाराला कोहळा, काळी दोरी, खाली दोन लिंबं, हिरव्या मिरच्या. समदं रीतसर हाये की!"

भागुजी चपला न घालताच रस्त्यावर गेला आणि त्यानं आपल्या दाराकडे पाहिलं. एकेक वस्तू तो बोटानं मोजत गेला, आणि हिशेब हौशाचाच बरोबर निघाला.

"हौशा, ही काच हाये! शोभेची!"

"काचेचा?" हौशीरामनं बोटानं टिचकी मारली. टिंग् असा गोड आवाज झाला. हौशीरामचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "म्हंजी कुजायचा न्हाई!"

"न्हाई कुजायचा, पण..."

"आमचा दर वर्षी कुजतो, राव! मागल्या साली इंद्रायणीच्या डोक्यावर पडला. सासू जवळ बसल्याली, कुणाच्या नावानं बोंब मारायची त्येच कळंना. पर्मनंट कोहळा! भागुजी, बावीस वर्षं मी तुला येडा समजत व्हतो."

"अरे, अमेरिकेत शोभेला ठेवत्यात! तिकडं ह्या दिवसांत समद्यांच्या दारात भोपळे असत्यात!"

"समद्यांच्या?" हौशीरामचा आवाज आदरानं खाली आला. "अमेरिकाबी मानते म्हन की."

भागुजीचं प्रत्येक खरं बोलणं असं फिरून त्याच्याच अंगावर येऊ लागलं. समोरच्या किराणा दुकानातून बाळासाहेब रस्ता ओलांडून आला. भागुजीनं त्याला दोरी कुठली ते सांगितलं, तर बाळासाहेब म्हणाला, "बावीस वर्षात त्या गाडीला एकबी अपघात न्हाई. अशी दोरी मिळायची न्हाई." गुरुत्वमध्याचं सांगितलं, तर बाळासाहेबानं ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. दुपारपर्यंत गावात बातमी होती, की भागुजी कंडक्टरला अखेर पटलं, आणि पटल्यावर त्यानं अमेरिकेचा मागवला.

"काढून ठेवा की मग," द्रौपदा म्हणाली.

"आता काढला तर म्हणतील, चोरी पकडल्यावर लपवला! जाग्यावर राहू दे. खऱ्याला कशाची भीती?"

त्यानं दारावर पुठ्ठ्याची पाटी लावली: 'ही शोभेची वस्तू आहे. हिच्यात कोणतीही शक्ती नाही.' पाटी वाचायला रस्त्यावरचे लोक थांबू लागले. पूर्वी जे नुसते निघून जायचे त्यांनाही भोपळा दिसू लागला. एक बाई तर पोराला कडेवर घेऊन भोपळ्याखाली उभी राहिली आणि भागुजीकडे बघून म्हणाली, "शक्ती हाय म्हनून कुनी पाटी लावतं का? झाकूनच ठेवत्यात."

हे सगळं चार दिवसांत ओसरलं असतं. पण सातव्या माळेला उसातून बिबट्या निघाला.

ह्या भागात बिबट्या निघणं म्हणजे काही बातमी नव्हे. दिवेलागणीची वेळ होती. भागुजी आणि द्रौपदा आत टीव्हीवर हवामानाचा अंदाज बघत होते. ओट्यावर डालग्याखाली द्रौपदाच्या कोंबड्या होत्या. बिबट्या फाटकाखालून आला, दोन पायऱ्या चढला, आणि तिथं त्यानं मान वर केली. समोर शिंक्यात नारिंगी उजेडात एक तोंड. मोठ्या डोळ्यांचं, फुगलेल्या गालांचं, त्याच्याकडेच रोखून बघणारं. बिबट्या दोन पावलं मागे सरला, वळला आणि ज्या वाटेनं आला त्या वाटेनं, शेपूट पायात घालून, कारखान्याच्या दिशेनं निघून गेला.

हे सगळं बाळासाहेबाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात आलं. सकाळपर्यंत ते जुन्नर-आंबेगावातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये होतं. घाटघरहून हौशीरामच्या मेव्हण्यानं फोन करून विचारलं, "दाजी, तो भोपळा तुमच्या शेजाऱ्याचाच का?" कुणी तरी त्या व्हिडिओला देवीचं गाणं जोडलं होतं.

"त्यानं सोताचं तोंड बघितलं!" भागुजी फाटकाशी जमलेल्या वीस-पंचवीस लोकांना ओरडून सांगत होता. "काच हाये! काचेत तोंड दिसतं! फुगीर काचेत मोठं दिसतं! साधं शास्त्र हाये!"

"तेच म्हनतोय आमी," हौशीराम म्हणाला. "त्याची नजर त्यालाच उलटी लागली."

लोकांनी माना डोलावल्या. बाळासाहेबानं त्याच दिवशी दुकानात काचेच्या कोहळ्याची नोंदणी सुरू केली. कोहळा कुठून आणणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं, पण वही भरत होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी समाधान आला. हा विहाराच्या कमिटीचा तरुण अध्यक्ष, हायस्कुलात विज्ञान शिकवणारा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात भागुजीचं भाषण व्हायचं. अठरा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. विषय ठरलेला: भीती आणि अंधश्रद्धा. भागुजी आठवडाभर आधी पाठ करायचा, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा करायचा, आणि हौशीराम पहिल्या रांगेत बसून प्रत्येक वाक्याला नाक मुरडायचा. बाकी वर्षभर भागुजी म्हणजे एक रिटायर कंडक्टर. त्या एका दिवशी मात्र सगळं गाव त्याचं ऐकायचं.

"काका," समाधान चहाच्या कपात बघत म्हणाला, "कमिटीत जरा चर्चा झाली. काही जण म्हणतात, यंदा भाषण दुसऱ्याला द्यावं."

"का?"

समाधाननं दाराकडे पाहिलं. भोपळा उन्हात झगमगत होता. खाली कुणी तरी नारळ ठेवून गेलं होतं.

"तू विज्ञानाचा मास्तर. तुलाबी पटत न्हाई?"

"मला पटतं, काका. पण लोकांना व्हिडिओ पटतो. एकच उपाय आहे. उद्या सगळ्यांसमोर तो फोडा. फोडून दाखवा की काही होत नाही. विषय तिथंच संपला."

स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

"फोडतो," भागुजी म्हणाला.

संध्याकाळभर द्रौपदा त्याच्याशी बोलली नाही. रात्रीची भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "फोडा. पर उद्या सांच्याला पोरीचा फोन आला का तुमीच घ्या."

दसऱ्याला विहार ओसंडून वाहत होता. त्रिसरण-पंचशील झालं, पोरींनी गाणी म्हटली. पांढऱ्या कपड्यांत मागे द्रौपदा बसली होती, हात मांडीवर, नजर जमिनीवर. पहिल्या रांगेत हौशीराम, इंद्रायणी, बाळासाहेब. भिंतीला टेकून निम्मं गाव. भागुजी भोपळा घेऊन उभा राहिला. त्याच्या अठरा वर्षांच्या भाषणांना मिळून जेवढी शांतता मिळाली नसेल तेवढी त्या एका क्षणाला होती.

"बंधू-भगिनींनो," तो म्हणाला, "ही काच हाये. भट्टीत वितळली, माणसानं घडवली. हिच्या आत काहीबी न्हाई. आता मी ही फोडतो. माझ्या घराला, माझ्या माणसाला काय व्हतं ते तुमी वर्षभर बघा."

त्यानं भोपळा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. वरच्या खिडकीतून ऊन येत होतं. नारिंगी उजेड त्याच्या तोंडावर, इस्त्रीच्या शर्टावर पडला. आत काही नाही हे पुन्हा एकदा दाखवावं म्हणून त्यानं वर पाहिलं, आणि तिथंच घोटाळा झाला. आत काही नाही असं म्हणायला त्याची जीभ वळेना.

प्रज्ञा सहा वर्षांची असताना तिच्या वाढदिवसाला त्यानं फुगे आणले होते. तिनं एक फुगा तोंडाला लावला, गाल लाल होईस्तोवर फुंकला, आणि फुगा लिंबाएवढासुद्धा झाला नाही. मग तिला जी धाप लागली ती थांबेना. त्या दिवशी हौशीरामची गाडी दारात उभी राहिली. मंचरच्या दवाखान्यापर्यंत हौशीरामनं सात थांबे गाळले आणि भागुजीनं एकदाही बेल मारली नाही. त्या गाडीवर असा बेकायदा प्रवास एवढाच झाला.

आणि त्याच पोरीनं हा डोक्याएवढा फुंकला होता.

भागुजीचे हात वरच राहिले.

"फोड की!" मागून कुणी तरी म्हणालं.

"येत न्हाई," भागुजी म्हणाला.

"का? घाबरला का?"

"आत काही न्हाई म्हणालो, ते चुकलं. आत फुंकर हाये." त्यानं वरच बघत सांगितलं. "आमच्या प्रज्ञाची. तिनं फुंकलाय ह्यो."

हौशीराम ताडकन उभा राहिला. "कुनी? प्रज्ञानं? जिला फुगा फुगवता येत नव्हता ती?"

"तीच."

"आरं येड्या, मग डोक्यावर काय धरलाय! खाली घे! पडंल की!" हौशीराम धावत मंचावर चढला. दोघा म्हाताऱ्यांनी चार हातांनी भोपळा खाली आणला आणि चादरीवर ठेवला. हौशीरामनं खाली वाकून बघितलं, मग बुशशर्टाच्या बाहीनं त्याच्यावरचे बोटांचे ठसे पुसले. "आदी का न्हाई सांगितलंस?"

"तू बोलू दिलंस का? तुजं आपलं कोहळा, कोहळा!"

विहारात थोडं हसू फुटलं. भागुजीनं माइक ओढला. "फोडणार न्हाई. तुमी काय समजायचं ते समजा. दाराला टांगल्यालं दिसलं, हे खरं. मी बोललो व्हतो, तेबी खरं. हौशा, माळ आन."

"जाऊ दे रं," हौशीराम म्हणाला.

"आन म्हणतो ना."

हौशीरामनं ओशाळून खिशात हात घातला. माळ तयारच होती. काळ्या दोऱ्यात एक लिंबू आणि सात मिरच्या, ताज्या, हिरव्यागार. बावीस वर्षं वाट बघितलेली माणसं तयारीनंच येतात.

विहारापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत भागुजी माळ घालून चालला. मान ताठ, शर्टाची इस्त्री जशीच्या तशी. मागे गाव. घराघरातून बाया बाहेर आल्या, मोबाईल वर झाले. थांब्यावर पोचल्यावर तो बाकावर बसला, आणि आता उतरून ठेवावी म्हणून त्यानं माळेला हात घातला, तर समोर द्रौपदा उभी. हातात त्याचा जुना कंडक्टरकीचा डबा.

"सकाळपासून उपाशी हाईत तुमी," ती म्हणाली.

डब्यात भाकरी आणि पिठलं होतं. भागुजीनं डब्याकडे पाहिलं, गळ्यातल्या माळेकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर घोडेगावच्या थांब्यावरचं ते जुनं हसू आलं. त्यानं लिंबू सोडलं, बाकाच्या कडेवर दाबून फोडलं, पिठल्यावर पिळलं, पहिली मिरची कचकन चावली.

गावानं श्वास रोखला.

"हौशा," तो डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला, "बावीस वर्षांनी झाली बघ तिखट."

हौशीरामनं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं, आणि मग तोही शेजारी बसला. "अर्धी भाकरी दे," तो म्हणाला. इंद्रायणीनं कपाळावर हात मारला. हौशीरामनं उभ्या आयुष्यात पहिल्यांदा दृष्टीची मिरची खाल्ली आणि म्हणाला, "आयला, चवीला काय वाईट न्हाई." सातही मिरच्या दोघांत संपल्या. लोक हसत, बोलत पांगले. समाधान म्हणाला, "काका, अठरा वर्षांतलं सगळ्यात चांगलं भाषण झालं."

बाळासाहेब मात्र जाता जाता चार जणांना हळू आवाजात सांगत होता, "गुपित आता कळलं. टांगून उपयोग न्हाई, खावी लागती. बघा ना, पोरगी अमेरिकेत हाये." दुसऱ्या दिवसापासून गावातली किती दारं मोकळी झाली आणि किती पोटं बिघडली ह्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

संध्याकाळी भोपळा पुन्हा शिंक्यात, शिंकं पुन्हा कडीला, काळ्या दोरीवर. उन्हं कलली होती तेव्हा प्रज्ञाचा कॉल आला. तिकडं सकाळ होती. भागुजीनं मोबाईल फिरवून तिला सगळं दाखवलं. दार, भोपळा, कुंपणापलीकडून हात हलवणारा हौशीराम.

"किती छान लावलाय, पप्पा! त्याच्या बुडाचा काळा ठिपका बघितलात का?"

"बघितला? घासून घासून माझं खांदं दुखलं. कार्बन हाये ना तो?"

"कार्बन नाही हो," प्रज्ञा हसली. "मुद्दाम घातलाय मी, काळ्या काचेचा. पहिलाच एवढा सुंदर झाला, भट्टीवरचे सगळे बघायला आले. मग मला राहवेना. तुम्ही ड्युटीला गेलात की आई माझ्या कानामागं काजळाची तीट लावायची ना, रोज? तशी लावली. कुणाची नजर नको लागायला."

भागुजीनं मोबाईल हळूच खाली केला आणि मागे वळून पाहिलं.

"दूध उतू चाललं वाटतं," द्रौपदा म्हणाली आणि आत गेली. गॅस बंद होता.

फोन संपल्यावर भागुजी तिच्यामागून गेला. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून कोरडं पातेलं पुसत होती.

"किती वर्षं?"

"बारा."

"माझ्या घरात?"

"दम्याचं पोर व्हतं," ती पातेल्यालाच म्हणाली. "डागदरचा पंपबी दिला, तीटबी लावली. तुमी शास्त्र बघा. कशानं बरं झालं ते मला काय ठावं? मी दोनीतलं एकबी बंद करायची हिंमत केली न्हाई."

 भागुजीचा हात गळ्याकडे गेला. माळेचा काळा दोरा अजून तिथंच होता, लिंबू-मिरच्यांशिवाय. म्हणजे चालणं फुकट गेलं नव्हतं. बुडाला तीट निघाली, तेव्हा देणं होतंच, फक्त तारीख चुकली होती. तो बाहेर दारात येऊन उभा राहिला.

"काय म्हनत व्हती पोरगी?" हौशीरामनं कुंपणावरून मान लांब केली. "ठिपक्याचं काय तरी बोलली ना?"

भागुजीनं हौशीरामकडे पाहिलं. मग भोपळ्याकडे. मग अगदी बेतानं, काचेला धक्का लागणार नाही असा, वर हात करून त्यानं काळी दोरी दोनदा ओढली. खालचे पिवळे भोपळे एकमेकांवर हलकेच आपटले.

टिंग् टिंग्.

हौशीरामनं सवयीनं पाय उचलला आणि आपल्या घराकडे निघून गेला.